आकाश वाचणारे शिक्षक

दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. तेथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांनी नोकरी केली. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते जुने ग्रंथ गोळा करीत आणि ग्रहताऱ्यांचे गणित मांडीत.

त्या काळी पंचांगे जुन्या कोष्टकांवरून तयार होत. त्यामुळे पंचांगातील गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक पडे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, पण पंचांगातील मकरसंक्रांत येते जानेवारीत. लेले आणि मोडक या दोन अभ्यासकांबरोबर दीक्षितांनी आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला. लोकांना ते पटले नाही. जुनी सवय सुटणे कठीण असते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध कृत्तिकांविषयी आहे. कृत्तिका म्हणजे उर्दूतील सुरैया, ताऱ्यांचा छोटासा झुबका. शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात कृत्तिका नेहमी पूर्वेलाच उगवतात असे वर्णन आहे. दीक्षित येथे थांबले. आज तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात! मग ग्रंथ खोटा की आकाश बदलले? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत होतो. म्हणून तारे उगवण्याची जागाही सरकते. दीक्षितांनी हिशेब केला. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत असत तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला. या निर्णयावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाला. तरी प्रश्न सुचला तो एका शाळाशिक्षकाला.

१८९६ साल त्यांच्यासाठी मोठे ठरले. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास सांगणारा त्यांचा मराठी ग्रंथ त्या वर्षी निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले. त्यात हिंदू तिथींप्रमाणेच हिजरी तारखाही इसवी सनात बदलण्याची कोष्टके आहेत. जुना शिलालेख किंवा फर्मान हाती आले, की इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचा उपयोग होई.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. रात्रीची दोन घटका मौज, असे त्याचे दुसरे नाव आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. तेवढा वेळ तर कोणीही काढू शकेल! २० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात दीक्षित वारले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचेही नव्हते.

ही मौज पुढे अनेकांनी मिळून घेतली. १९४४ साली पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेते. अशा मंडळात नवख्या माणसाला जाणकार सोबती मिळतात. बॅटरीवर लाल कागद लावावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, अशा लहानसहान गोष्टी तेथे कळतात. एक नियम मात्र अगदी कडक असतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे नाही, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही. क्षणभरातही डोळा कायमचा निकामी होऊ शकतो. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडावे आणि सूर्याकडे पाठ करून त्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाहावी. ईदचा चाँद शोधतानाही सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण डोळ्यांना लावावी.

मुलांनो, कृत्तिका पाहायला दुर्बीणही लागत नाही. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावी, दिव्यांपासून दूर, त्या चांगल्या दिसतात. नोव्हेंबरअखेर अंधार पडल्यावर घरातील मोठ्या माणसाबरोबर अंगणात जा. होकायंत्राने पूर्व दिशा ठरवा. तिच्या डावीकडे, उत्तरेच्या बाजूला, सुरैयाचा झुबका वर आलेला दिसेल.