अर्धी खतपत्रं

आज भागवताच्या दुसऱ्या स्कंधाचा तिसरा अध्याय. शुकदेव परीक्षिताला सांगतात, मनात इच्छा असो, नसो किंवा मोक्षाची असो, भजावं हरीलाच. इथे भुकूममध्ये फ्लॅटचा हप्ता डोक्यात घेऊन जपमाळ ओढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा हायसं वाटतं.

देहू इथून फार लांब नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी, सावकारी, दुकान. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. त्यानंतर त्यांनी हातात घेतलं ते पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ. ते नीट केलं, एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं, तरी संतांची वचनं पाठ करत राहिले. भामचंद्र डोंगरावरून परतल्यावर कर्जाची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली. पण अर्धीच! उरलेली अर्धी धाकट्या कान्होबाच्या वाट्याची, ती त्याला देऊन टाकली. मला हा भाग फार आवडतो. भावाच्या हिश्श्यावर त्यांनी आपलं वैराग्य लादलं नाही.

जिजाई चिडायची, आणि तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. घरात पोरं होती. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणाही तुकोबांनी परत केला, असं परंपरा सांगते. मागणं मात्र त्यांनी कधी थांबवलं नाही. विठ्ठलाशी भांडून भांडून मागत राहिले, फक्त आता त्याची भेट मागत होते.