आगरकरांचा विचार माजघरात कसा आला

गोपाळ गणेश आगरकर हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. थोर समाजसुधारक होऊन गेले, एवढे म्हणून आपण पान उलटतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीचे फार नवल वाटते. त्यांचे विचार इंग्रजी ग्रंथांच्या वाचनातून आले व कॉलेजात वाढले. मी सातवीपर्यंत शिकलेली. ते ग्रंथ कोणी माझ्या हाती दिले तर एक ओळ लागायची नाही. तरीही त्या विचारांचे फळ माझ्या घरात आहे. माझी मुलगी दहाव्या वर्षी बोहल्यावर न चढता शाळेत गेली. कॉलेजातला विचार आमच्या माजघरापर्यंत कोणत्या वाटेने आला, ते मी येथे माझ्या परीने सांगते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरावे लागले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा अंगावर एकच सदरा असे, तो रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. तेथेच त्यांनी मिल आणि स्पेन्सर ह्या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ वाचले. मिलने १८६९ साली स्त्रियांच्या परवशतेवर एक पुस्तकच लिहिले होते. रूढी जुनी आहे म्हणून ती खरी ठरत नाही, ती बुद्धीला पटली पाहिजे, ही गोष्ट आगरकरांच्या मनात कायमची बसली.

मुलगा एम. ए. झाला की मोठा पगार आणील, अशी आईची आशा होती. त्यात तिची काय चूक? पण त्यांनी तिला पत्र लिहून कळविले की, पोटापुरते मिळाले तरी मी संतोष मानीन व सारा वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन. मी आई आहे, म्हणून ते पत्र हाती पडल्यावर त्या माउलीला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात येतोच.

टिळक हे त्यांचे कॉलेजातले मित्र. चिपळूणकरांनी व टिळकांनी १८८० साली सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर येऊन मिळाले. १८८१ साली केसरी निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच. कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली दोघा मित्रांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पण आधी स्वराज्य की आधी घरातली सुधारणा, ह्यावर मतभेद वाढत गेले. १८८७ साली त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे सुधारक पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

माझ्या मते खरी वाट येथे उघडली. आगरकरांना हे सारे विद्वानांपुरते इंग्रजीत लिहिता आले असते. पण त्यांनी ते मराठीत आणि घरातल्या गोष्टींवर लिहिले. बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण, इतकेच काय पण बायकांनी जाकीट घालावे की नाही, ह्यावरही लिहिले. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे व एकत्र द्यावे, असे ते त्या काळी सांगत होते. मिल न वाचलेल्या माणसालाही ते कळत होते, म्हणूनच लोकांना राग आला. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली मुलीचे वय १० वरून १२ केले, त्यावरही पुण्यात केवढे रण माजले! आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. ते जिवंत असताना लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. यशोदाबाईंनी हे कसे सोसले असेल?

दम्याने शरीर पोखरले होते. १८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी गेले. वयाची चाळिशीही त्यांनी पाहिली नाही.

पण विचार थांबला नाही. त्याच कॉलेजात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ साली गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला, १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ह्याही विधवा, केशवपन झालेल्या. शिक्षण बेताचे, इंग्रजी तर नाहीच. तरी त्या आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या, आणि त्यांनी केसही पुन्हा राखले. ग्रंथातला विचार प्राध्यापकाने मराठीत सांगितला, दुसऱ्या प्राध्यापकाने करून दाखविला आणि एका अल्पशिक्षित बाईने तो दारोदार नेला. कायदा मागून येत राहिला. मुलीच्या लग्नाचे वय १९२९ साली १४ ठरले, १९७८ साली १८ झाले. चोरून लग्ने अजूनही लागतात, पण आता ती चोरून लावावी लागतात.

आता थोडे आपल्याविषयी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे गावात बंद. आपल्या मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी हा विषय निघतो आणि दरवर्षी मागे पडतो. आपल्याच सभासद भगिनी, वर्षभर वर्गणी देणाऱ्या, कार्यक्रमात राबणाऱ्या, त्या दिवशी मात्र घरी बसतात. त्यांना कोणी येऊ नका म्हणत नाही, पण या असेही म्हणत नाही. लोक काय म्हणतील ही भीती मलाही वाटते. आगरकरांची प्रेतयात्रा निघाली. आपल्याला फार तर चार शेजारणी नावे ठेवतील.

म्हणून माझी विनंती आहे, की येत्या संक्रांतीला आमंत्रणाच्या यादीतून एकही नाव गाळू नये. आमंत्रणाला घरोघर जायला मी तयार आहे. माझ्याबरोबर कोण येणार, तेवढे सभेत सांगावे.