विश्लेषण : फुलपाखराचे नाव ‘हेक्टर’ का? सजीवांना ग्रीक पुराणातली नावे देणारे लिनिअस कोण होते?

लिंबाच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखराचे शास्त्रीय नाव ‘पॅपिलिओ डेमोलिअस’. डेमोलिअस हा ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक योद्धा. आपल्याकडच्याच काळ्या-लाल ‘क्रिमसन रोझ’च्या नावात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आहे. ही दोन्ही नावे १७५८ मध्ये स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी दिली. त्यांनी पुराणकथांचाच आधार का घेतला, याविषयी...

लिनिअस यांची सुरुवात कशी झाली?

२३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मगुरू आणि बागेचे वेडे. मुलाने धर्मगुरू व्हावे ही घरची इच्छा. त्याचा जीव मात्र झाडांत. अखेर वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते उप्सालाला आले. १७३२ मध्ये, २५व्या वर्षी, ते एकटेच उत्तरेकडच्या लॅपलँडच्या मोहिमेवर निघाले. तिथल्या दलदलीत गुलाबी फुलांचे एक झुडूप त्यांना दिसले. मुळाशी पाणी, आजूबाजूला बेडूक. समुद्रातल्या खडकाला बांधलेली, राक्षसी जलचराच्या तोंडी दिलेली राजकन्या अँड्रोमेडा त्यांना आठवली. डायरीत त्यांनी झुडूप आणि राजकन्या, दोघांचे चित्र काढले. त्या वनस्पतीचे नाव आजही अँड्रोमेडाच आहे.

हॅम्बर्गमध्ये काय घडले?

१७३५ मध्ये नेदरलँड्सला जाताना ते हॅम्बर्गला थांबले. तिथे महापौरांकडे सात डोक्यांचा ‘हायड्रा’ पेंढा भरून ठेवला होता आणि तो मोठ्या किमतीला विकायचा होता. लिनिअस यांनी तो नीट तपासला. जबडे आणि पाय मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझलचे होते, अंगावर सापाची कातडी चिकटवलेली होती. ही बनवेगिरी त्यांनी उघड केली आणि महापौरांचा रोष नको म्हणून घाईने शहर सोडले. पुढे १७५८ मध्ये त्यांनी गोड्या पाण्यातल्या एका इवल्याशा जिवाला ‘हायड्रा’ नाव दिले. त्याचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून नवा जीव वाढतो. डोके छाटले की नवे उगवणाऱ्या पुराणातल्या हायड्राला शोभेल असेच हे.

ग्रीक कथाच का?

त्याआधी एका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधले अख्खे वाक्य असे आणि ते प्रत्येक लेखकाचे वेगळे. लिनिअस यांनी १७५३ च्या ग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली. १७५८ मध्ये हीच पद्धत प्राण्यांना लावली. आता हजारो छोटी नावे हवी होती. नावाने वर्णन करायची गरज नव्हती, ते फक्त लक्षात राहायला हवे होते. ग्रीक कथा युरोपातल्या प्रत्येक सुशिक्षिताला पाठ होत्या. म्हणून लिनिअस यांनी मोठ्या फुलपाखरांच्या दोन फौजाच केल्या : छातीशी लाल ठिपके असलेली काळी ती ट्रोजन, इतर ग्रीक.

काही नावे मात्र नेमकी बसतात. आयुष्याचा धागा कापणाऱ्या अ‍ॅट्रोपॉस देवीवरून त्यांनी विषारी बेलाडोनाला ‘अ‍ॅट्रोपा’ म्हटले. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करण्यासाठी वापरतात ते अ‍ॅट्रोपिन याच नावातून आले.

या पद्धतीत उणीव कोणती?

वनस्पतींच्या प्रजातींसाठी (म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दासाठी) ग्रीक-लॅटिनखेरीज इतर भाषांतले शब्द त्यांना रानटी वाटत. त्यामुळे ज्या लोकांना ती झाडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांच्या शब्दांना फारशी जागा मिळाली नाही. माणसांचीही त्यांनी वर्णानुसार गटवारी करून प्रत्येक गटाला स्वभाव चिकटवले. पुढच्या वंशवादी विचाराला त्याचा आधार मिळाला.

आज काय उरले आहे?

१० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे लिनिअस यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह आज लंडनच्या लिनिअन सोसायटीकडे आहे. नावांची प्रथा त्यांच्या हयातीतच इतरांनी उचलली होती. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ‘ब्लू मॉरमॉन’ला १७७५ मध्ये डच अभ्यासक पीटर क्रॅमर यांनी ‘पॉलिम्नेस्टर’ म्हटले. सोन्यासाठी ट्रॉयच्या राजपुत्राला मारणाऱ्या विश्वासघातकी राजाचे हे नाव. नव्या संशोधनानंतर हेक्टरची प्रजाती बदलली, ‘पॅपिलिओ’ जाऊन ‘पॅक्लिओप्टा’ आले. नियमानुसार दुसरा शब्द तसाच राहिला. हेक्टर अजून हेक्टरच आहे.