कै. लक्ष्मीबाई टिळक

आपल्या नागपुराशी ज्यांचा संबंध आला अशा ख्रिस्ती स्त्रियांत लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. बाई कॅथलिक नव्हत्या. तथापि त्यांचे चरित्र आपल्या घरोघरी वाचले जावे असे आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे, गोखल्यांच्या कडक सोवळ्याच्या घरी झाला. शाळा त्यांस लाभली नाही. अक्षरओळख पुढे पतीने, कवी नारायण वामन टिळक यांनी, करून दिली. टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते. येथून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाईंवर आकाशच कोसळले. कित्येक वर्षे ताटातूट सोसून त्या पतीकडे परतल्या, तरी अन्नपाणी निराळेच ठेवीत. टिळकांनीही सक्ती केली नाही. जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नाही, हे त्यांस आपल्याच विचाराने पटले, तेव्हा सोवळे सुटले. बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर. पतीमागे निमूटपणे गेली असती तर लोकांनी पतिव्रता म्हटले असते. पण ती श्रद्धा उसनी ठरली असती, असे मला वाटते.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ जेमतेम साडेदहा अध्यायांवर थांबले होते; शाळा न पाहिलेल्या या बाईंनी आणखी ६४ अध्याय रचून ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली बाई निवर्तल्या. आजीचे ते आत्मचरित्र पुढे नातू अशोक टिळक यांनी संपादून संपूर्ण प्रसिद्ध केले.