इत्सिंग

इत्सिंग (इ.स. ६३५ – इ.स. ७१३) हा चीनमधील थांग राजवटीच्या काळातील बौद्ध भिक्षू, प्रवासी, संस्कृतचा अभ्यासक व भाषांतरकार होता. फाहियान व ह्युएनत्संग यांच्यानंतर भारतात आलेल्या चिनी यात्रेकरूंमध्ये त्याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ह्युएनत्संग खुष्कीच्या मार्गाने भारतात आला व त्याच मार्गाने परतला. फाहियान खुष्कीने आला व समुद्रमार्गे गेला. इत्सिंगाने मात्र जाता-येता दोन्ही वेळा समुद्रमार्ग पत्करला. अध्ययनासाठी इ.स. ६७१ मध्ये त्याने मायदेश सोडला आणि आपले काम पुरे करून तो इ.स. ६९५ मध्ये चीनच्या राजधानीत परतला. सातव्या शतकातील भारतीय विहारांचे दैनंदिन जीवन, नालंदा येथील शिक्षण आणि आग्नेय आशियातील श्रीविजय राज्य यांविषयी त्याने लिहून ठेवलेली माहिती इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन मानली जाते.

सुरुवातीचे जीवन

इत्सिंगाचे घराणे चांग या आडनावाचे होते. वयाच्या सातव्या वर्षी त्याला विहारात ठेवण्यात आले. शान्यू व हुइशी हे दोन भिक्षू त्याचे गुरू. शान्यू हा बहुश्रुत विद्वान होता. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्याने आपले लौकिक लेखन व इतिहासादी ग्रंथ फाडून त्यांचा लगदा केला आणि तो द्वारपालांच्या मूर्ती घडविण्यासाठी वापरला. या ग्रंथांनी आपल्याला दीर्घकाळ भ्रमात ठेवले, इतरांची तशी दिशाभूल होऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. इत्सिंग बारा वर्षांचा असताना शान्यूचे निधन झाले. त्यानंतर इत्सिंगाने लौकिक विद्या बाजूस ठेवून धर्मग्रंथांच्या अभ्यासाकडे लक्ष वळविले. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याने हुइशीकडून उपसंपदा घेतली व पुढील पाच वर्षे विनयपिटकाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचे अध्ययन केले.

भारतात जाण्याचा विचार त्याच्या मनात अठराव्या वर्षीच आला होता. चीनमधील भिक्षू विनयाचे नियम नीट पाळत नाहीत, भाष्यकारांच्या मतभेदांमुळे मूळ नियम झाकले गेले आहेत, असे त्याला वाटे. हे नियम जेथे निर्माण झाले तेथे ते प्रत्यक्षात कसे पाळले जातात, हे स्वतः पाहणे हा त्याच्या प्रवासाचा मुख्य हेतू होता. तो सिद्धीस जाण्यास मात्र जवळजवळ वीस वर्षे लागली.

प्रस्थान

इ.स. ६७० मध्ये इत्सिंग छांगआन या राजधानीत अध्ययन करीत होता. तेथे काही भिक्षूंनी मिळून मगधातील गृध्रकूट व बोधिवृक्ष यांच्या दर्शनास जाण्याचा संकल्प केला. प्रत्यक्ष निघण्याची वेळ आली तेव्हा एकाला वृद्ध मातेला सोडून जाणे शक्य झाले नाही, इतरांचेही बेत बदलले. शेवटी शानशिंग नावाचा एक तरुण भिक्षू तेवढा सोबत राहिला. हुइशी तेव्हा हयात होता. वृद्ध गुरूला सोडून जावे किंवा नाही या विवंचनेत असलेल्या इत्सिंगाला त्यानेच जाण्याचा आग्रह केला. शान्यूच्या समाधीचे दर्शन घेऊन इत्सिंग दक्षिणेकडे निघाला.

इ.स. ६७१ चा वर्षावास त्याने यांगचौ येथे केला. तेथे फंग आडनावाच्या एका अधिकाऱ्याशी त्याची भेट झाली. त्याच्यासमवेत तो क्वांगचौ बंदरात पोहोचला. या अधिकाऱ्याने व त्याच्या कुटुंबीयांनी प्रवासाच्या शिधासामग्रीची तरतूद केली. क्वांगचौला एका इराणी जहाजाच्या मालकाशी बोलणी झाली आणि चिनी वर्षाच्या अकराव्या महिन्यात, ईशान्येकडील मोसमी वाऱ्यांच्या बळावर, जहाजाने किनारा सोडला. चिनी गणनेनुसार इत्सिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता.

श्रीविजय

वीस दिवसांच्या आत जहाज श्रीविजय येथे पोहोचले. या राज्याची राजधानी सुमात्रा बेटावरील आजच्या पालेंबांगच्या परिसरात होती. इत्सिंगाने येथे सहा महिने राहून शब्दविद्येचा, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. शानशिंग येथे आजारी पडला व चीनला परत गेला. पुढचा प्रवास इत्सिंगाने एकट्याने केला.

श्रीविजयात एक हजाराहून अधिक भिक्षू असून तेथील आचार व अध्ययन भारतातील विहारांसारखेच आहे, असे त्याला आढळून आले. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने आधी येथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी व मग पुढे जावे, अशी शिफारस त्याने पुढे आपल्या ग्रंथात केली.

श्रीविजयच्या राजाने त्याला मलयू राज्यात जाण्यास साहाय्य केले. तेथे दोन महिने राहून तो मलाया द्वीपकल्पावरील केडा येथे गेला आणि इ.स. ६७२ च्या अखेरीस राजाच्या जहाजातून पूर्व भारताकडे निघाला. दहा दिवसांहून अधिक काळ उत्तरेकडे गेल्यावर नग्न लोकांचा देश लागला. हे निकोबार बेट असावे असे मानतात. तेथील लोक होड्यांतून नारळ, केळी आणि वेत-बांबूच्या वस्तू घेऊन जहाजाजवळ येत व त्यांच्या मोबदल्यात लोखंड मागत, असे वर्णन त्याने केले आहे.

ताम्रलिप्ती व मगधाकडे प्रवास

इ.स. ६७३ मध्ये, चिनी वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, इत्सिंग ताम्रलिप्ती बंदरात उतरला. हे बंदर पश्चिम बंगालमधील आजच्या तामलूकच्या ठिकाणी होते. येथे त्याला ता-छंग-तंग (महायानप्रदीप) हा ह्युएनत्संगाचा शिष्य भेटला. त्याच्या सहवासात एक वर्ष राहून इत्सिंगाने संस्कृतचा अभ्यास पुढे नेला. त्यानंतर दोघे एका व्यापारी तांड्याबरोबर मगधाकडे निघाले.

महाबोधी विहार दहा दिवसांच्या वाटेवर राहिला असता डोंगर व दलदलीच्या प्रदेशात इत्सिंग आजारी पडला. प्रत्येक काही पावलांनंतर त्याला विसावा घ्यावा लागे. तांडा पुढे निघून गेला व तो एकटा मागे राहिला. संध्याकाळच्या सुमारास धनुष्यबाण घेतलेल्या लुटारूंनी त्याला गाठले आणि अंगावरचे वस्त्रही काढून नेले. गोऱ्या वर्णाचा मनुष्य सापडल्यास या भागात त्याचा बळी देतात, अशी वदंता त्याने ऐकली होती. म्हणून त्याने चिखलाच्या खड्ड्यात उतरून सर्वांग माखून घेतले, पानांनी लज्जारक्षण केले आणि काठीच्या आधारे चालत राहिला. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी तो मुक्कामाजवळ आला, तेव्हा गावाबाहेर त्याला हाका मारीत असलेला ता-छंग-तंग भेटला. त्याने दिलेले वस्त्र घेऊन व तळ्यात अंग धुऊन इत्सिंग गावात गेला.

मगधात पोहोचल्यावर त्याने नालंदा, गृध्रकूट व महाबोधी या स्थानांचे दर्शन घेतले. निघताना शांतोंगमधील भिक्षू व उपासकांनी त्याच्याजवळ रेशमी वस्त्र दिले होते. त्याचे चीवर करवून त्याने महाबोधी येथील बुद्धमूर्तीस अर्पण केले. ज्यांना स्वतः येता आले नव्हते अशा चीनमधील भिक्षूंच्या वतीनेही त्याने वंदन केले. पुढे त्याने कुशीनगर, सारनाथ आदी बौद्ध तीर्थस्थानांची यात्रा केली. ता-छंग-तंग मात्र चीनला परतू शकला नाही. कुशीनगर येथे त्याचे निधन झाले.

नालंदा येथील अध्ययन

इत्सिंग नालंदा येथे सुमारे दहा वर्षे (इ.स. ६७५ – ६८५) विद्यार्थी म्हणून राहिला. त्याच्या नोंदीनुसार तेथे तीन हजारांहून अधिक भिक्षू राहत, आठ सभागृहे व तीनशे खोल्या होत्या आणि विहाराच्या खर्चासाठी दोनशेहून अधिक गावे दान मिळालेली होती. काळ मोजण्यासाठी घटिकापात्र वापरले जाई व वेळा ढोल वाजवून कळविल्या जात. उच्च अध्ययनासाठी विद्यार्थी नालंदा किंवा सौराष्ट्रातील वलभी येथे दोन-तीन वर्षे राहत, असेही त्याने नमूद केले आहे.

त्या काळच्या अध्ययनक्रमाचे त्याने केलेले वर्णन विशेष महत्त्वाचे आहे. मूल सहाव्या वर्षी वर्णमाला शिके, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे पाठ करी, दहाव्या वर्षापासून तीन वर्षे व्याकरणाच्या खिलपाठांना देई आणि पंधराव्या वर्षी काशिकावृत्तीस आरंभ करी. ही वृत्ती आकळण्यास पाच वर्षे लागत. एवढे व्याकरण पक्के केल्याशिवाय भारतात येणाऱ्या चिनी विद्यार्थ्याचे श्रम वाया जातात, असे त्याने स्पष्टपणे लिहिले आहे. नालंदा येथे असतानाच त्याने मातृचेटाच्या दीडशे श्लोकांच्या बुद्धस्तोत्राचे चिनी भाषांतर केले.

परतीचा प्रवास

इ.स. ६८५ मध्ये सुमारे चारशे ग्रंथ, म्हणजे पाच लाख श्लोकांएवढे साहित्य बरोबर घेऊन इत्सिंग नालंदाहून निघाला. ताम्रलिप्तीच्या वाटेवर लुटारूंचा पुन्हा हल्ला झाला. तलवारीच्या घावातून तो थोडक्यात बचावला. ग्रंथ मात्र सुरक्षित राहिले. समुद्रमार्गे तो श्रीविजय येथे आला व तेथेच राहून भाषांतराच्या कामास लागला.

हे काम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते आणि तेथे चिनी कागद व शाईही मिळत नसे. इ.स. ६८९ मध्ये कागद, शाई व लेखनिकांची मागणी करणारे पत्र क्वांगचौला पाठविण्यासाठी तो नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या एका व्यापारी जहाजावर गेला. त्याच वेळी वारा अनुकूल झाल्याने शिडे उभारण्यात आली व जहाज निघाले. इत्सिंगाला उतरता आले नाही. अशा रीतीने अठरा वर्षांनी तो अचानक मायदेशी पोहोचला, परंतु त्याचे सर्व ग्रंथ श्रीविजय येथेच राहिले. क्वांगचौ येथील भिक्षूंनी त्याला चंगू हा विनयाचा जाणकार सुचविला. चंगू व आणखी तीन सहकारी बरोबर घेऊन त्याच वर्षाच्या अकराव्या महिन्यात इत्सिंग पुन्हा श्रीविजयास निघाला. चीनमध्ये तो केवळ काही महिने राहिला होता.

ग्रंथरचना

श्रीविजय येथे त्याने दोन स्वतंत्र ग्रंथ पूर्ण केले व इ.स. ६९२ मध्ये ता-चिन या भिक्षूबरोबर ते चीनला पाठविले.

पहिला ग्रंथ दक्षिण समुद्रातून पाठविलेला बौद्ध आचाराचा वृत्तान्त असून त्यात ४० प्रकरणे आहेत. भोजनाची पद्धत, उष्ट्या-खरकट्याविषयीचे नियम, पाणी गाळणे, दंतकाष्ठाचा वापर, चीवर नेसण्याची रीत, औषधोपचार, गुरुशिष्यसंबंध, अंत्यसंस्कार अशा विषयांवर त्याने बारकाईने लिहिले आहे. प्रत्येक ठिकाणी भारतातील आचाराची चीनमधील आचाराशी तुलना आहे. अश्वघोषाचे बुद्धचरित भारतात व दक्षिण समुद्रातील बेटांवर गायले जाते, तसेच शीलादित्य (हर्ष) राजाने जीमूतवाहनाची कथा काव्यबद्ध करून तिचे नृत्य-संगीतासह प्रयोग करविले, या माहितीमुळे वाङ्मयेतिहासातही या ग्रंथाला स्थान आहे.

दुसरा ग्रंथ धर्माच्या शोधात भारताकडे गेलेल्या ५६ भिक्षूंच्या चरित्रांचा आहे. यांत चिनी भिक्षूंबरोबर कोरियातील सिला राज्याचे व मध्य आशियातील भिक्षूही आहेत. त्यांतील बरेच जण परतले नाहीत. सिलाहून आलेला आर्यवर्मा नालंदा येथेच वारला. छांगमिन नावाच्या भिक्षूचे जहाज मलयूजवळ वादळात बुडू लागले, तेव्हा नाखव्याने त्याला होडीत बोलाविले. त्याने ती जागा इतरांसाठी सोडली व बुद्धाचे नामस्मरण करीत तो जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या शिष्यानेही गुरूची साथ सोडली नाही. या प्रवाशांपैकी अनेकांची नावे केवळ इत्सिंगाच्या या ग्रंथामुळे शिल्लक राहिली आहेत.

भाषांतरकार्य व अखेर

इ.स. ६९५ च्या उन्हाळ्यात इत्सिंग ल्वोयांग येथे पोहोचला. सम्राज्ञी वू झेत्यान हिने नगराच्या पूर्व वेशीबाहेर येऊन त्याचे स्वागत केले. ग्रंथांबरोबर त्याने बोधगयेच्या वज्रासनाची प्रतिकृती व सुमारे तीनशे अवशेषधातू आणले होते. प्रथम त्याने खोतानचा भिक्षू शिक्षानंद याच्याबरोबर अवतंसकसूत्राच्या भाषांतरात भाग घेतला. इ.स. ७०० नंतर त्याने स्वतःच्या देखरेखीखाली भाषांतरे केली. त्याने भाषांतरित केलेल्या ग्रंथांची संख्या ५६ असून ते २३० गुंडाळ्यांत सामावले होते. मूलसर्वास्तिवाद संप्रदायाचे विनयग्रंथ व सुवर्णप्रभाससूत्र ही त्यांतील प्रमुख होत. ज्या विनयासाठी त्याने देश सोडला होता, तो अशा प्रकारे चिनी भाषेत उपलब्ध झाला.

इ.स. ७१३ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी (चिनी गणनेनुसार) छांगआन येथे त्याचे निधन झाले. तेथील ज्या च्यानफू विहारात त्याने काम केले, त्याच्या आवारातील लहान वन्यहंस पगोडा आजच्या शीआन शहरात उभा आहे.

ऐतिहासिक महत्त्व व मर्यादा

श्रीविजयविषयक समकालीन लिखित साधनांत इत्सिंगाच्या नोंदी अग्रगण्य आहेत. भारताच्या राजकीय इतिहासातही त्याचा आधार घेतला जातो. चिनी यात्रेकरूंसाठी विहार बांधून देणाऱ्या श्रीगुप्त महाराजाचा त्याने उल्लेख केला असून गुप्त घराण्याच्या मूळ स्थानाविषयीच्या चर्चेत तो महत्त्वाचा ठरला आहे.

त्याची सर्वच विधाने मात्र जशीच्या तशी स्वीकारली जात नाहीत. भर्तृहरी या वैयाकरणाचा मृत्यू आपल्या लेखनापूर्वी चाळीस वर्षांच्या सुमारास झाला, असे त्याने लिहिले. या विधानावरून दीर्घकाळ भर्तृहरी सातव्या शतकातला समजला गेला. पुढे दिङ्नागाच्या ग्रंथात भर्तृहरीचे श्लोक आढळल्याने तो पाचव्या शतकातला असावा, असे अभ्यासक मानू लागले. तसेच इत्सिंगाचा प्रत्यक्ष अनुभव मुख्यतः पूर्व भारतापुरता आहे. ह्युएनत्संगाप्रमाणे तो महाराष्ट्रात आला नव्हता. दक्षिण व पश्चिम भारताविषयीची त्याची माहिती ऐकीव स्वरूपाची आहे.

आधुनिक काळात एदुआर शावान याने त्याच्या चरित्रग्रंथाचे फ्रेंच भाषांतर इ.स. १८९४ मध्ये, तर जपानी विद्वान जुन्जिरो ताकाकुसू याने आचारविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर इ.स. १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. या भाषांतरांमुळे इत्सिंगाचे लेखन भारतीय इतिहासकारांपर्यंत पोहोचले.