ज्या झाडाला ‘डग्लस फर’ म्हणतात, ते मुळात फर नाहीच! झाडांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या डेव्हिड डग्लसची गोष्ट

हॉलिवूडच्या सिनेमात बर्फाळ डोंगरावरची उंचच उंच झाडं दिसली की आपण सरसकट सगळ्यांना पाइन म्हणून मोकळे होतो. मनालीला फिरायला गेलं तरी तेच. समोर देवदार असो, चीड असो नाहीतर स्प्रूस, लांबून सगळी सारखीच. हिरवीगार, टोकदार आणि सुयांसारख्या पानांची.

पण जवळ जाऊन एक डहाळी हातात घेतली, खाली पडलेला शंकू म्हणजेच पाइन कोन उचलला आणि खोडाच्या सालीवरून हात फिरवला, की प्रत्येक झाड आपली ओळख सांगू लागतं.

दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या एका माळ्याने याच गोष्टी गोळा करण्यासाठी अर्धी पृथ्वी पालथी घातली. त्याचं नाव डेव्हिड डग्लस.

डग्लसचा जन्म २५ जून १७९९ चा, स्कॉटलंडमधल्या स्कोन गावचा. वडील पाथरवट. घरात शिक्षणाचं फार वातावरण नव्हतं आणि पोराचंही शाळेत लक्ष नव्हतं. शाळा बुडवून रानात भटकायचं, पक्षी पकडून पाळायचे हा त्याचा उद्योग. शेवटी वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास त्याला स्कोन पॅलेसच्या बागेत उमेदवारीवर ठेवलं. तिथे त्याने सात वर्षं काढली. पुढे ज्या बंगल्याच्या बागेत काम मिळालं, तिथल्या मालकाकडे वनस्पतींवरच्या पुस्तकांचा मोठा संग्रह होता. शाळेत न रमलेला मुलगा इथे पुस्तकांत रमला.

१८२० मध्ये तो ग्लासगोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये लागला. तिथे प्राध्यापक विल्यम हूकर यांनी त्याला हेरलं. हा गडी चालायला दमत नाही, नजर तीक्ष्ण आहे आणि कष्टाला कुरकुरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याच शिफारशीवरून लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला नोकरीवर घेतलं. काम काय? परदेशात जायचं आणि नवीन झाडांच्या बिया पाठवायच्या.

आता प्रश्न पडतो, ब्रिटनला बाहेरची झाडं कशाला हवी होती?

तर ब्रिटनमध्ये सूचिपर्णी गटातली मूळची झाडं फक्त तीन. स्कॉट्स पाइन, यू आणि जुनिपर. दुसरीकडे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच गटातल्या अवाढव्य झाडांची जंगलंच्या जंगलं उभी होती. त्यांच्याबद्दल युरोपात ऐकीव माहिती होती, पण लावायला बिया नव्हत्या.

जुलै १८२४ मध्ये डग्लस जहाजात बसला. पनामा कालवा तेव्हा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचायला त्याला आठ महिन्यांहून जास्त काळ लागला. एप्रिल १८२५ मध्ये तो किनाऱ्यावर उतरला. हडसन्स बे कंपनीचं फोर्ट व्हँकुव्हर हे ठाणं त्याचा मुक्काम बनलं.

तिथे त्याला सगळीकडे दिसलं ते एक प्रचंड झाड. आज आपण त्याला डग्लस फर म्हणतो. पण हे झाड ओळखणं म्हणजे डोक्याला ताप होता.

खऱ्या फरचे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन विखुरतात. या झाडाचे शंकू खाली लोंबतात आणि अख्खेच्या अख्खे गळून पडतात. मग हे स्प्रूस म्हणायचं का? तर स्प्रूसची सुई चौकोनी आणि टोचरी असते, चिमटीत धरली तर गोल फिरते. या झाडाची सुई चपटी आणि मऊ. मग पाइन? पाइनच्या सुया जुडीने येतात. आपल्या हिमालयातल्या चीडच्या एका जुडीत तीन सुया असतात. या झाडाची प्रत्येक सुई सुटी.

मग ओळखायचं कसं? शंकू हातात घेऊन नीट बघायचा. प्रत्येक खवल्याच्या खालून तीन टोकांचा एक पातळ पापुद्रा बाहेर डोकावतो. बिळात शिरणाऱ्या उंदराचे मागचे दोन पाय आणि शेपूट दिसावी, अगदी तसा. ही खूण एकदा बघितली की विसरता येत नाही. सालही बोलकी आहे. कोवळ्या झाडाची साल गुळगुळीत आणि राळेच्या फोडांनी भरलेली, तर म्हाताऱ्या झाडाची बुचासारखी जाड आणि खोल भेगा पडलेली. वणवा पेटला तरी या जाड सालीमुळे म्हातारी झाडं तगून राहतात.

नावाचा घोळ मात्र कायम राहिला. डग्लसच्या आधी, १७९० च्या दशकात आर्चिबाल्ड मेंझीस या स्कॉटिश डॉक्टरने या झाडाची नोंद केली होती. म्हणून आज शास्त्रीय नावात मेंझीस आहे आणि बोलण्यात डग्लस. त्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग आहे स्यूडोत्सुगा. स्यूडो म्हणजे खोटा, आणि त्सुगा हे हेमलॉक नावाच्या झाडाचं शास्त्रीय नाव. म्हणजे झाड फर तर नाहीच, वर शास्त्रज्ञांनी त्याला खोटा हेमलॉक ठरवलं.

डग्लसला सगळ्यात जास्त वेड लावलं ते मात्र दुसऱ्याच झाडाने. आणि त्याचा पत्ता लागला एका तंबाखूच्या पिशवीतून.

१८२५ मध्ये एका स्थानिक आदिवासी माणसाच्या पिशवीत त्याला पाइनच्या मोठमोठ्या बिया दिसल्या. एवढ्या मोठ्या बियांचं झाड केवढं असेल, या विचाराने त्याची झोप उडाली. इथल्या लोकांना हे झाड पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते त्याच्या बिया खायचे. सोबत झाडं आणि गवत गोळा करत फिरणाऱ्या या गोऱ्या माणसाला त्यांनी गवतवाला अशा अर्थाचं नावच ठेवलं होतं.

शोध घेत तो आजच्या ऑरेगन राज्यातल्या अम्पक्वा नदीच्या खोऱ्यात शिरला. ऑक्टोबर १८२६ मध्ये अखेर ते झाड सापडलं. शुगर पाइन. एका आडव्या पडलेल्या खोडाचा घेर त्याने मोजला, तर तो भरला ५७ फूट ९ इंच! पाच सुयांची जुडी आणि हातभर लांबीचे शंकू. जगातल्या कुठल्याही पाइनचे शंकू एवढे लांब नसतात.

पण शंकू होते थेट शेंड्याला. झाडावर चढणं अशक्य, तोडणं त्याहून अशक्य. डग्लसने बंदूक काढली आणि नेम धरून तीन शंकू पाडले. त्या आवाजाने आठ सशस्त्र माणसं तिथे येऊन उभी राहिली. अंगाला लाल माती, हातात धनुष्यबाण, भाले आणि गारगोटीच्या सुऱ्या. डग्लस एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पिस्तूल घेऊन उभा. कितीतरी मिनिटं दोन्ही बाजू नुसत्या एकमेकांकडे बघत होत्या.

अखेर त्यांच्या म्होरक्याने खुणेने तंबाखू मागितली. डग्लसने खुणेनेच सांगितलं की आधी शंकू आणून द्या, मग तंबाखू. ती माणसं शंकू शोधायला पांगताच त्याने आपले तीन शंकू आणि काही डहाळ्या उचलल्या आणि तिथून पोबारा केला.

पुढच्या वर्षी रॉकी पर्वत ओलांडून, जवळपास अख्खा खंड आडवा पार करून तो हडसनच्या उपसागरावर पोहोचला आणि लंडनला परतला. तिथे त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याने आणलेल्या करंट नावाच्या लाल फुलांच्या एका झुडपानेच मोहिमेचा सगळा खर्च वसूल करून दिला, असं सांगितलं जातं. पण डग्लसला शहर मानवलं नाही. १८२९ मध्ये तो पुन्हा निघाला.

१८३० मध्ये तो कोलंबियाच्या काठावर परतला, तेव्हा तिथे तापाची साथ पसरली होती. बाहेरून आलेल्या या आजाराने गावंच्या गावं ओस पडली. पूर्वी नांदती पाहिलेली वस्ती त्याला आता रिकामी दिसत होती. ज्यांना ही जंगलं सगळ्यात चांगली माहीत होती, तीच माणसं संपत होती.

त्याच वेळी डग्लसवर दुसरं संकट आलं होतं. बर्फावरून आणि वाळूवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्याचे डोळे गेले होते. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालं. पानांच्या कडा आणि सालीच्या रेघा वाचून ज्याने नाव कमावलं, त्याची नजरच जात होती. तरी तो थांबला नाही. जून १८३३ मध्ये फ्रेझर नदीच्या भोवऱ्यात त्याची होडी फुटली. जीव वाचला, पण चारशेच्या आसपास वनस्पतींचे नमुने आणि रोजनिशी वाहून गेली.

तिथून तो हवाई बेटांवर गेला. १२ जुलै १८३४ च्या सकाळी मौना केआ पर्वताच्या उतारावर तो आपल्या बिली नावाच्या कुत्र्यासोबत एकटाच चालत होता. रानटी गुरं पकडण्यासाठी त्या भागात झाकलेले खड्डे खणलेले असत. काही तासांनी अशाच एका खड्ड्यात त्याचा मृतदेह सापडला. खड्ड्यात एक बैलही होता. वर बिली मालकाचं गाठोडं राखत बसला होता.

अंधुक नजरेमुळे तो पडला की कुणी ढकलला? त्याच सकाळी तो नेड गर्नी नावाच्या शिकाऱ्याकडे थांबला होता आणि हा गर्नी ऑस्ट्रेलियातून पळून आलेला कैदी होता. त्यामुळे संशयाला तोंड फुटलं. डॉक्टरांनी मृतदेह तपासून बैलाच्या हल्ल्यानेच मृत्यू झाल्याचा निष्कर्ष काढला. पण कुजबुज थांबली नाही. डग्लसने नुकतीच पस्तिशी गाठली होती.

त्याने दोनशेहून जास्त वनस्पती ब्रिटनमध्ये पोहोचवल्या. त्याने बिया पाठवलेला सिटका स्प्रूस आज ब्रिटनच्या लागवडीच्या जंगलांत सर्वाधिक दिसतो. त्याच्याच बियांपासून वाढलेलं एक डग्लस फर स्कोन पॅलेसच्या बागेत, म्हणजे जिथे तो पोरवयात राबला तिथेच, अजून उभं आहे.

या कामाला दुसरी बाजूही आहे. डग्लस फर ऑरेगनमध्ये भूमिपुत्र आहे, पण माणसाने न्यूझीलंडमध्ये नेऊन लावल्यावर ते तिथल्या माळरानांवर आपोआप पसरू लागलं. तिथे आता त्याची रोपं उपटून काढण्याच्या मोहिमा चालतात. झाड तेच, एका देशात मूळचं आणि दुसऱ्या देशात उपद्रवी.

म्हणूनच कुठल्याही जंगलात पहिला प्रश्न हाच असतो, की समोरचं झाड नेमकं कोणतं आणि ते मूळचं कुठलं. त्याचं उत्तर आजही तिथेच आहे, जिथे डग्लस शोधायचा. पानात, शंकूत आणि सालीत.