फोनमधला ‘हेक्टोपास्कल’ कुणाच्या नावाचा? ब्लेझ पास्कलची गोष्ट

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल, तर सेन्सर दाखवणारं एखादं ॲप उघडून बघा. समुद्राजवळ राहत असाल तर १०१३ च्या आसपासचा, उंचावर राहत असाल तर त्याहून लहान आकडा दिसेल. त्याचं एकक हेक्टोपास्कल. म्हणजे तुमच्या डोक्यावर जो हवेचा थर आहे, त्याचं वजन फोन मोजतोय. हवेला असं वजन असतं हे ज्याने डोंगरावर सिद्ध करून घेतलं, तो स्वतः मात्र त्या डोंगरावर चढलाच नव्हता.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावात झाला. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन यांनी पोराला शाळेत न घालता घरीच शिकवलं. पोरगं हुशार होतं, पण तब्येतीने नाजूक. सोळाव्या वर्षी त्याने भूमितीवर असा निबंध लिहिला की भले भले गणिती चकित झाले.

पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. आकडेमोडीचा नुसता ढीग! वडिलांचा त्रास कमी व्हावा म्हणून १६४२ मध्ये ब्लेझने चाकं आणि दाते जोडून बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. त्यात हातचा आपोआप पुढच्या घरात जायचा. पन्नासेक नमुने करून झाले तेव्हा कुठे यंत्र मनासारखं जमलं. पण ते इतकं महाग पडायचं की फारसं खपलं नाही.

१६४६ मध्ये त्याला इटलीतल्या टॉरिचेलीच्या प्रयोगाबद्दल कळलं. एका टोकाला बंद असलेली लांब काचेची नळी पाऱ्याने भरायची आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करायची. पारा थोडा उतरतो आणि साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबतो. वर उरते रिकामी जागा. पण पारा तिथेच का थांबतो? त्या काळचे विद्वान म्हणायचे, निसर्गाला पोकळी आवडत नाही, म्हणून तो पारा धरून ठेवतो. टॉरिचेलीचं म्हणणं वेगळं होतं. बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्यावर दाब देते आणि तोच नळीतला पारा तोलून धरते.

पास्कलने रुआँमध्ये लांबच लांब नळ्या वापरून पाणी आणि वाइन घेऊनही हा प्रयोग केला. वाइन पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तिचा स्तंभ जास्त उंच राहिला. वजनाचा हिशोब जुळत होता, पण विरोधक ऐकणार नव्हते. वाद मिटवायला पक्का पुरावा हवा होता. त्याने सरळ विचार केला: पारा हवेच्या वजनाने तोलला जात असेल, तर डोंगरावर तो कमी उंचीवर थांबायला हवा, कारण तिथे डोक्यावर हवाच कमी. आणि निसर्गाला पोकळी आवडत नसेल, तर ती काय फक्त पायथ्याशीच आवडत नाही?

क्लेरमाँजवळ प्यूई द दोम नावाचा डोंगर आहे. पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये आजारी होता. त्याने क्लेरमाँला राहणारे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांना पत्र लिहिलं. जवळजवळ वर्षभराने, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पेरिए निघाले. आधी गावात दोन नळ्यांमधला पारा सारखाच आहे हे बघितलं. एक नळी तिथेच ठेवून एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसरी घेऊन ते सुमारे हजार मीटर वर चढले. माथ्यावर मोजलं, तर पारा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरलेला! पुन्हा पुन्हा मोजलं, वेगवेगळ्या जागी मोजलं, उत्तर तेच. खालच्या नळीतला पारा मात्र दिवसभर हलला नव्हता. म्हणजे फरक हवामानाचा नव्हता, उंचीचाच होता.

बातमी कळल्यावर पास्कलने पॅरिसमधल्या एका उंच मनोऱ्यावर स्वतः मोजून बघितलं. तिथेही पारा उतरला, अगदी थोडासा.

१६५४ मध्ये त्याने फर्मा या गणितीशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षाअखेरीस तो धर्मचिंतनाकडे वळला. १६६२ मध्ये त्याच्याच कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, म्हणजे आजच्या सिटी बसची पणजीच म्हणा. त्याच वर्षी १९ ऑगस्टला तो वारला, अवघ्या ३९ व्या वर्षी. हवेच्या वजनावरचं त्याचं पुस्तक छापून आलं ते त्यानंतर. १९७१ मध्ये दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

त्याचा प्रयोग तुम्हीही करू शकता. तळमजल्यावर फोनमधला आकडा लिहून घ्या आणि जिन्याने वर जा. साधारण दर आठ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे तीनेक मजले चढलात की फरक दिसेल. फक्त एक करा, बॅरोमीटर असलेला दुसरा फोन खाली मित्राकडे ठेवा. हवामान बदललं तरी आकडा हलतो, आणि तेवढ्यासाठीच तर पेरिएंनी एक नळी खाली ठेवली होती.